भाकरी कार्ब नसते, असं कोणी सांगितलं तुला?

पत्र आधी देते, थोडं आखूड करून:

"ताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४३. जानेवारीत तपासणी केली त्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले शुगर झालेली नाही पण उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा, कार्ब कमी करा. भाचा जिमला जातो, तो म्हणाला मामी दिवसाला १०० ग्रॅमच्या आत राहा. दीड महिना झाला, पोळी बंद, भात बंद, साखर बंद, म्हणजे माझे कार्ब जवळजवळ झिरोच असतील. सकाळी नागलीचं सत्त्व दुधात, किंचित गूळ घालून. दुपारी दोन बाजरीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, वाटीभर वरण. संध्याकाळी बाउलभर द्राक्षं, माहेर दिंडोरीचं आहे, क्रेटच येतो. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि पालेभाजी. चतुर्थीला तेवढी साबुदाण्याची खिचडी. तरी वजन अर्धा किलोसुद्धा हललं नाही. मिस्टर म्हणतात भाकरी कार्ब नसते. सासूबाई म्हणतात डाळ आणि उसळ प्रोटीन असतं. भाचा म्हणतो कांदा, टोमॅटो, गाजरपण मोज. मोबाईलवर बघितलं तर एकाच भाकरीचे तीन वेगळे आकडे. नक्की कार्ब धरायचं तरी कशाला? मिस्टरांना शुगरची गोळी चालू आहे, तेही माझ्यासोबत हेच करून राहिले. आणि होळीला पुरणपोळी खाऊ की नको?"

अगं, तुझं पत्र वाचून मी पहिलं काय केलं तर लाईटबिलाच्या पाठीमागे तुझ्या एका दिवसाची बेरीज मांडली. अंदाजानेच, कारण तुझ्या वाट्या मी बघितलेल्या नाहीत, पण हात आखडता घेऊनच मांडली. सत्त्व, दूध आणि तो "किंचित" गूळ मिळून ४०. दुपारच्या दोन भाकऱ्या ६८. उसळ २०, वरण १४. द्राक्षं पाव किलो धरली तर ४०. रात्रीच्या दोन भाकऱ्या ७४. झाले की नाही अडीचशेच्या वर? आणि तू समजतेयस झिरो. म्हणजे वजन हललं नाही यात तुझ्या शरीराचा, थायरॉईडचा, वयाचा कोणाचाच दोष काढायला नको आत्ता, तू फक्त पोळीच्या जागी भाकरी आणि साखरेच्या जागी गूळ ठेवलास, ताटात कार्ब होते तेवढेच राहिले.

वाईट वाटून घेऊ नकोस, हे सगळं मी स्वतः करून बसलेय. नऊ वर्षांपूर्वी माझी शुगर निघाली तेव्हा ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे एक झेरॉक्स केलेला कागद हातात दिला होता, त्यावर लिहिलेलं "भात, मैदा, साखर बंद, भाकरी हवी तितकी". हवी तितकी! मला भाकरी आवडतेच, त्यात मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल असलं की कितीही जाते. चार महिने मी मनापासून हवी तितकी खाल्ली आणि परत रक्त दिलं तर आकडा खाली यायच्या ऐवजी वर. मग चिडून रविवार कारंजावरून एक छोटा वजनकाटा आणला, काट्यावर वाटी ठेवली, शून्य केलं, आणि रोज जेवढं पीठ परातीत घेते तेवढंच न मोजल्यासारखं घेऊन त्यात टाकलं. एका भाकरीचं पीठ भरलं ६५ ग्रॅम. मग पोळीचा एक उंडा तसाच काट्यावर ठेवला आणि त्यातलं पाणी वजा धरलं, तर त्यात कणिक निघाली २८ ग्रॅम. म्हणजे माझी एक भाकरी माझ्या जवळजवळ अडीच पोळ्यांएवढी होती, आणि मी दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खात होते आणि वर स्वतःला शाबासकी देत होते.

आता आकडे सांगते, हे आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये छापलेल्या तक्त्यातले आहेत, आपल्याच देशातल्या बाजारांतून नमुने घेऊन काढलेले, त्यामुळे परदेशी आकड्यांपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवते. १०० ग्रॅम पिठात कार्ब किती, तर गव्हाच्या कणकेत साधारण ६४, ज्वारीत ६८, बाजरीत ६२, नागलीत ६७. बघ, चौघी सख्ख्या बहिणी. तांदूळ तेवढा ७८ वर जातो. मिस्टरांना हे वाचून दाखव. भाकरी कार्ब नसते हे कुठून आलं माहितीये का, भाकरी पौष्टिक असते यातून आलं. ती आहेच पौष्टिक, तिच्यात चोथा भरपूर आहे, लोह आहे, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, मैद्याच्या ब्रेडपेक्षा रक्तात साखर जरा सावकाश चढते, यात काही खोटं नाही. पण पौष्टिक असणं वेगळं आणि कार्ब असणं वेगळं. सुरगाणा-पेठकडची नागली कितीही गुणाची असली तरी तिचं पीठ दोन तृतीयांश कार्बच आहे, आणि सत्त्व काढताना तर तू ती भिजवून, वाटून, गाळून तिचा चोथापण बराचसा काढून टाकतेस, मग राहतं काय, स्टार्च. त्यात गूळ.

गुळाचं पण आत्ताच सांगून टाकते. १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम कार्ब, साखरेत जवळजवळ १००. तो फरक पाण्याचा आणि थोड्या क्षारांचा, बाकी तीच साखर. मध, खजूर, मनुका, काकवी सगळं त्याच घरातलं. इथे मी कोणाचं ऐकून घेत नाही.

बरं, मग कार्ब म्हणजे नक्की काय. खाण्यात तीन मोठ्या गोष्टी असतात, प्रोटीन, फॅट आणि कार्ब, मराठी पुस्तकात कर्बोदकं म्हणतात. कार्बमध्ये परत तीन प्रकार. एक साखर, मग ती उसाची असो, फळातली असो नाहीतर दुधातली. दुसरा स्टार्च, म्हणजे साखरेचेच लांबलचक हार, जे पोटात सुटतात आणि ग्लुकोजच होतात. तिसरा चोथा, फायबर, जो आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातला थोडा खातात पण रक्तातली साखर त्याने चढत नाही. म्हणून लो-कार्बवाले चोथा वजा करून उरलेलं मोजतात, त्याला "नेट कार्ब" म्हणतात. तुला मोजायचेत ते पहिले दोन.

आणि इथेच तुझ्या ॲपमधल्या तीन आकड्यांचं कोडं आहे. एक आकडा १०० ग्रॅम कोरड्या पिठाचा असतो, एक भाजलेल्या भाकरीचा असतो, तिच्यात पाणी असल्यामुळे तो कमी दिसतो. आणि तिसरी गंमत अशी की अमेरिकन पद्धतीच्या आकड्यात चोथा कार्बमध्ये धरलेला असतो, तो तुम्ही वजा करायचा, पण आपल्या हैदराबादच्या तक्त्यात तो आधीच वेगळा काढलेला आहे. म्हणजे कणकेचे ६४ हे चोथ्याचे ११ सोडून आहेत. आता कोणी व्हिडिओ बघून त्या ६४ मधून परत ११ वजा केले की झाले ५३, आणि दिवसाला १०० ग्रॅम पीठ खाणाऱ्या माणसाचा रोज ११ ग्रॅमचा हिशोब खोटा. भाच्याने तुला "नेट कार्ब" काढायला शिकवलं असेल तर आधी हे तपास की तो कुठल्या तक्त्यातून वजा करतोय. आणि मोजायचं ते कोरडं पीठ, कोरडी डाळ, कच्चा तांदूळ. शिजल्यावर पाणी किती हे घरोघरी वेगळं, कोरड्याला ती भानगड नाही.

आता सासूबाई. त्या म्हणतात डाळ प्रोटीन, त्या अर्ध्या बरोबर आहेत त्यामुळे त्यांच्याशी भांडू नकोस. तूरडाळीत १०० ग्रॅमला प्रोटीन साधारण २२ आणि कार्ब ५५. मटकीत प्रोटीन २० आणि कार्ब ५२. मुगाच्या डाळीत २४ आणि ५३, हरभऱ्याच्या डाळीत जरा बरं, ४७ कार्ब आणि चोथा भरपूर. म्हणजे डाळीत प्रोटीन आहे, पण प्रत्येक घासाला प्रोटीनच्या दुप्पट-अडीचपट कार्ब सोबत येतात. लो-कार्बमध्ये डाळ सोडायची का, तर अजिबात नाही, शाकाहारी वारांना तू प्रोटीन आणणार कुठून? पण डाळ आणि भाकरी या दोघींना एकाच खात्यात टाकायचं. दुपारी घट्ट वरण वाटीभर खाल्लं म्हणजे साधारण २५ ग्रॅम डाळ पोटात गेली, १४ कार्ब लिहायचे. पातळ पाण्यासारखं वरण असेल तर कमी, तेवढी अक्कल आपली आपण वापरायची. पिठलं म्हणजे बेसन म्हणजे डाळच. शेवभाजीतली शेव पण डाळच, तळलेली. थालीपिठाची भाजणी धान्य आणि डाळी दोन्ही.

मोड आलेल्या मटकीबद्दल एक फसगत होते ती सांगते. मोड आल्यावर १०० ग्रॅममध्ये कार्ब एकदम कमी दिसतात, लोक म्हणतात बघा मोडांनी कार्ब खाल्ले. खाल्ले असतील थोडेफार, पण मुख्य म्हणजे मटकी पाणी पिऊन दुपटीहून जास्त जड झालीय. मूठभर मटकी भिजवलीस तर कार्ब त्या मूठभर मटकीएवढेच, मोड बोटभर आले तरी.

भाच्याचा मुद्दा. गाजर, कांदा, टोमॅटोत कार्ब असतात का, असतात. कांद्यात १०० ग्रॅमला ९-१०, गाजरात ७ ते १०, टोमॅटोत ४ च्या आसपास. पण तू १०० ग्रॅम कांदा एकटी एका जेवणात खातेस का? लासलगाव आपल्या जिल्ह्यात असलं म्हणून काय झालं. चौघांच्या भाजीत दोन कांदे पडतात, तुझ्या वाट्याला चारेक ग्रॅम कार्ब. भाच्याचा हा कांदा मोजायचा नियम आला कुठून तेवढं समजून घे म्हणजे त्याच्यावर रागवणार नाहीस. अमेरिकेत रॉबर्ट ॲटकिन्स नावाच्या डॉक्टरने १९७२ मध्ये लो-कार्ब घराघरात पोचवलं, त्याच्या पहिल्या टप्प्यात दिवसाला फक्त २० ग्रॅम कार्ब होते. कीटो करणारे पण साधारण ५० च्या आत राहतात. एवढ्या थोड्यात राहायचं असेल तर कांद्याचे चार आणि गाजराचे पाच खरंच महत्त्वाचे, वीसमधले नऊ तिथेच गेले. तुझी मर्यादा १०० ची आहे (१३० च्या आत असलं तरी साधारण लो-कार्बच म्हणतात), तुला हे सगळं मोजायची गरज नाही. भाज्यांचे, कांद्याचे, मसाल्याचे मिळून दिवसाचे सरसकट १५ धरून टाक आणि विसरून जा. मेथी, शेपू, पालक, दोडका, गिलकं, वांगी, कोबी, फ्लॉवर, भेंडी, काकडी, ढोबळी मिरची, हवं तेवढं खा, इथे "हवं तितकं" म्हटलेलं चालतं.

त्या परदेशी याद्यांची दुसरी अडचण अशी की त्यात लिहिलेलं असतं ब्रेड नको, पास्ता नको, बटाटा नको, भात नको. आपण वाचतो, मान डोलावतो, आणि यादीत भाकरीचं, भगरीचं, वरणाचं, दशमीचं नावच नाही म्हटल्यावर ते चालतं असं धरून बसतो. त्यांना ज्वारी माहितीच नाही तर ते लिहिणार कशाला! उलट बिचारा बटाटा बदनाम. १०० ग्रॅमचा एक उकडलेला बटाटा म्हणजे १५ ते २० कार्ब, तुझ्या एका भाकरीच्या निम्मे. बटाटा कार्ब आहेच, मोजायचाच, रताळं, सुरण, अळकुड्या, मका, मटार हे पण मोजायचे, पण बटाट्याला घाबरून त्याच ताटात दोन भाकऱ्या घेणं हे म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा.

द्राक्षं. दिंडोरीच्या मुलीला द्राक्षं सोड म्हणायची माझी हिंमत नाही आणि सीझन आहेच किती, फार तर एप्रिलपर्यंत. पण बाउलभर नको. द्राक्षात १०० ग्रॅमला १५ ते १८ कार्ब, आणि तुमच्याकडच्या चांगल्या फुगलेल्या घडाचा एक मणी साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे वीस मणी झाले १०० ग्रॅम. वीस मणी मोजून छोट्या वाटीत घे, क्रेट गॅलरीत ठेव, आणि मोबाईल बघत क्रेटशेजारी बसू नकोस, माझं ऐक. ज्या दिवशी द्राक्षं त्या दिवशी दुसरं फळ नाही. बाकी दिवशी पेरू घे, मध्यम पेरूत चोथा सोडून १० च्या आसपास येतात आणि चावायला वेळ लागतो हा त्याचा मोठा गुण. केळं, चिकू, आंबा ही सगळी फळं चांगलीच आहेत पण जड खात्यातली. आणि रस काढून पिणं तर बंदच, तिथे चोथा गाळणीत राहतो आणि साखर ग्लासात.

साबुदाणा. तू लिहिलंयस "तेवढी" खिचडी. अगं सगळ्यात जास्त कार्ब तोच आहे! तो टॅपिओकाच्या कंदाच्या स्टार्चचा बनतो, स्टार्च काढून गोल केलेला, १०० ग्रॅमला ८७-८८ कार्ब, प्रोटीन नावालासुद्धा नाही. एक नीट भरलेली ताटली म्हणजे ६५-७० ग्रॅम कोरडा साबुदाणा, ६० कार्ब तिथेच, वर बटाटा, वर चिमूटभर साखर. चतुर्थीचा उपवास म्हणजे कार्बचा उपवास अजिबात नाही, आणि एकादशी पण करत असशील तर विचारूच नको. भगर किंवा वरई त्याच्यापेक्षा कमी, ६५ च्या आसपास, राजगिरा ६० च्या पुढेमागे आणि प्रोटीन बरं. सासूबाईंना हे असं सांग: उपवासाला भगर अर्धी वाटी आणि शेंगदाण्याची आमटी भरपूर, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, दही. त्या नाही म्हणणार नाहीत, हे सगळं उपवासाचंच आहे. शेंगदाणे मूठभर म्हणजे ३० ग्रॅममध्ये ५ कार्ब फक्त, पण त्यात तेल भरपूर असतं, मुठी मोजून खा.

दूध, चहा पटकन. दुधात १०० मिलीला ५ कार्ब, ती दुधातलीच साखर. दोन कप बिनसाखरेचा चहा म्हणजे पाच-सहा, सोडून दे. ताक मोठा ग्लासभर असेल तर चार धर. साखरेचा चहा चार वेळा पिणाऱ्याचे तिथेच तीस-चाळीस जातात, तू सोडलायस, चांगलं केलंस. बिस्किटाच्या पुड्यावर "शुगर फ्री", "मल्टिग्रेन", "साखर घातलेली नाही" काहीही लिहिलेलं असो, पुडा उलटा करून एकूण कर्बोदकांची ओळ वाच, खालची साखरेची ओळ नाही. मैदा साखर नसतो पण रक्तात जाऊन तोच धंदा करतो. अंडी, चिकन, मासे, तूप, तेल यात मोजण्यासारखं काही नाही, पनीरमध्ये थोडं.

आता मिस्टरांचं, आणि हे मात्र थट्टेत घेऊ नकोस. तुला औषध नाही, तू कार्ब कमी केलेस तर फार तर चार दिवस डोकं दुखेल. त्यांना गोळी आहे. काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराईड, तुम्ही खा किंवा खाऊ नका, साखर खाली ओढतातच, आणि इन्सुलिन पण. त्यात अचानक कार्ब अर्ध्यावर आणले तर साखर एकदम उतरू शकते, घाम, थरथर, चक्कर, आणि हे गाडी चालवताना झालं तर काय. दुसऱ्या काही गोळ्या आहेत डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, ज्या लघवीतून साखर बाहेर काढतात, त्या चालू असताना फार कमी कार्ब खाल्ले तर रक्तात कीटोन वाढून आम्ल साठायचा धोका असतो आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला न दिसतासुद्धा होऊ शकतं. आत्तापर्यंत तुमचं लो-कार्ब नुसतं नावाचंच होतं म्हणून निभावलं. आता खरंच सुरू करणार असाल तर आधी त्यांच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जायचं, "कार्ब निम्मे करतोय, डोस काय ठेवू" एवढंच विचारायचं. ते होईपर्यंत त्यांचं ताट आहे तसंच राहू दे.

तुझा दिवस मी असा मांडेन. सकाळी सत्त्व बंद, त्याऐवजी मुगाच्या डाळीची दोन धिरडी, ३० ग्रॅम डाळ भिजवून वाटलेली, १६ कार्ब, चहा ३. अंडी खात असशील तर ज्या दिवशी वार नसेल त्या दिवशी दोन अंडी, म्हणजे ते १६ पण वाचले. दुपारी एकच भाकरी, ४० ग्रॅम पिठाची, थापायची मोठी आणि पातळ म्हणजे ताटात केविलवाणी दिसत नाही, बाजरीची असेल तर २५. घट्ट वरण १४, भाजी दुप्पट, ताक ४. संध्याकाळी पेरू १० किंवा वीस मणी. रात्री भाकरी नाही, तिथेच तुला पहिले आठ दिवस जड जाणार, भाजी मोठा बाउलभर, मटकीची किंवा मुगाची उसळ २५ ग्रॅम कोरड्याची, १३, आणि पनीर नाहीतर चिकन नाहीतर दही. भाज्यांचे सरसकट १५ धरलेस की झाले १००. भूक लागली तर दाणे, काकडी, आणि तूप थोडं वाढव, घाबरू नकोस.

आयुष्यभर काट्यावर पीठ मोजत बसायचं नाहीये. पंधरा दिवस मोज, मग हाताला कळतं. मला आता पीठ परातीत पडतानाच कळतं चाळीस झालं की पंचेचाळीस. घरातली एक वाटी ठरवून घे, त्या वाटीत सपाट भरून पीठ किती ग्रॅम येतं ते एकदा बघून ठेव, मग काटा कपाटात गेला तरी चालेल.

तू मिसळीचं विचारलं नाहीस पण नाशिकची आहेस म्हणजे रविवारी जाणारच आहेस गंगापूर रोडला, मिस्टरांना घेऊन, मळ्यातल्या खाटेवर बसून. एका प्लेटमध्ये मटकी असते थोडीच, १५ कार्ब म्हण, फरसाण-शेव मूठभर २०, आणि दोन पाव ३० ते ४०. पापड आणि शेवटी जिलेबीचा तुकडा वेगळा. मी काय करते, फरसाण वेगळं मागवते आणि त्यातलं चिमूटभरच टाकते, मटकी जास्त घालायला सांगते, दही, कांदा, लिंबू, रस्सा परत परत, आणि पाव अर्धा, तो पण रस्सा पुसायला. वेटर पहिल्या वेळी विचित्र बघतो. दुसऱ्या पावावर नवऱ्याचा डोळा असतोच.

राहिली होळी. पुरणपोळी एक खा. हिशोब हवाच असेल तर एका मध्यम पोळीत पंचवीस ग्रॅम डाळ, तेवढाच गूळ आणि तेवढीच कणिक असं धर, तिघांचे मिळून पन्नास कार्ब, म्हणजे तुझा निम्मा दिवस. त्या दिवशी दुपारी भाकरी नाही, भात नाही, कुरडई एखादी, द्राक्षं नाहीत. पोळीवर तूप सढळ घाल, दूध ओतून कुस्करू नकोस, मग एकीच्या तीन कधी होतात ते कळत नाही, आणि खाल्ल्यावर आडवी न होता अर्धा तास चालून ये. कटाची आमटी मात्र वाटी भरभरून पी, कट म्हणजे डाळीचं वरचं पाणी, ते मोजत बसायची काही गरज नाही, फक्त तुमच्याकडे त्यात गूळ जरा जास्त पडत असेल तर सासूबाईंना तो आधीच कमी घालायला सांग.